दीड शिंगाचा नंदी

मी नंदी बोलतोय. शंकराच्या देवळासमोर बसलेला असतो तो दगडी नव्हे. त्याला बोलायची गरजच पडत नाही. मी लाकडाचा. चार चाकांच्या फळीवर उभा राहणारा. मोठ्या पोळ्याला खरे बैल मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं दोरी धरून आम्हांला ओढत नेतात, त्यांतला एक. माझं एक शिंग अख्खं आहे, दुसरं अर्धं. खोटं बोलणाऱ्याचं शिंग झडतं असं आमच्या जातीत मानतात, तेव्हा मी सांगतो त्यावर विश्वास ठेवा. माझ्याजवळ आता झडायला एकच उरलं आहे.

माझं लाकूड तळेगावचं. तळेगाव श्यामजी पंतजवळच्या रानात एक साग होता, इतका उंच की शेंड्यावर जायला निघालेले कावळे अर्ध्या वाटेत मुक्काम करायचे. तो पडला तेव्हा बूड तळेगावात राहिलं आणि शेंडा आष्टीत पोचला, अन् दोन गावं झाडावरून भांडत बसली. खोटं असेल तर माझं उरलेलं शिंग झडो. भांडण चालू असताना एका सुतारानं मधला ओंडका उचलला आणि त्यातून मला काढलं. छाती रुंद, वशिंड ऐटदार, डोळे थोडे तिरपे. सुतार म्हणाला, नजर खट्याळ झाली. ती तशीच राहिली.

वडनेरचे किसनराव एका लग्नाला तळेगावात आले होते. त्यांनी मला बाजारात पाहिलं आणि खांद्यावर घातलं. घरी मनकर्णा नावाची मुलगी होती आणि तिच्या पाठचा चंद्रभान. चंद्रभाननं मला पाहिलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर कोळशानं भिंतीवर माझं चित्र काढलं. म्हशीसारखं. त्याबद्दल किसनरावांनी त्याचा कान पिळला, पण चित्र पुसलं नाही.

तान्हा पोळा आला. मनकर्णानं मला जुन्या खणाची झूल शिवली, शिंगांना चकचकीत बेगड लावला. चंद्रभान मला ओढत तोरणाकडे निघाला. देवळाजवळच्या उतारावर दोरी त्याच्या हातून सुटली. लोक म्हणतात मी घरंगळत जाऊन विहिरीच्या दगडावर आपटलो. मी म्हणतो मी विहिरीवरून उडी घेतली आणि पलीकडे उतरताना डावं शिंग अडकलं. काही असो, शिंग अर्ध्यात तुटून विहिरीत गेलं.

पोर घाबरलं, पण थांबलं नाही. मला घेऊन तोरणापाशी पोचलं. आंब्याच्या पानांचं तोरण रस्त्यावर आडवं बांधलेलं, त्याखाली नंद्यांची रांग. तोरणाची व्यवस्था पाहायचा रूपराव. तरणाबांड गडी, मिशा अशा की त्यांवर लिंबू ठेवावं. तो प्रत्येक नंदीचं शिंग धरून हलवून पाहायचा, खऱ्या बैलाचं पाहावं तसं. माझ्यापाशी आला आणि त्याचा हात हवेतच राहिला.

"हा खंडित हाये. खंडित नंदी तोरनाखाली नाई चालत. घरी ने."

तो काही वाईट बोलला नाही. ओरडलाही नाही. पण सगळे नंदी पुढे सरकले आणि आम्ही दोघं मागे राहिलो. चंद्रभान घरापर्यंत रडत आला. मनकर्णा दारातच उभी होती. तिनं मला पाहिलं, त्याला पाहिलं आणि काही न विचारता त्याला आत नेलं.

मग मी माळ्यावर गेलो. माळ्यावरची वर्षं कशी गेली ते विचारू नका. उंदरांनी माझी शेपटी खाल्ली. मी त्यांना इतक्या गोष्टी सांगितल्या की शेवटी ते घर सोडून गेले. गावात म्हणतात मांजर आणलं म्हणून गेले. म्हणू द्या.

चंद्रभाननं मला खाली काढलं तेव्हा त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. किसनराव वारले होते. मनकर्णा आता मनकर्णाबाई झाली होती. विधवा होऊन माहेरी आली आणि भावाचं घर सांभाळू लागली. भावाचं लग्न झालंच नव्हतं. मुलगी पाहायला गेला की हा मुलीऐवजी तिच्या बापाचं नाक न्याहाळत बसायचा आणि निघताना पाकिटाच्या मागे ते नाक काढून तिथेच विसरायचा. अशानं कोण मुलगी देणार?

पोटासाठी तो नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकच्या पाठी रंगवायचा. मोर, कमळ, ड्रायव्हरच्या पोराचं नाव. पण त्याचा जीव होता चित्रकथेत. नागपूरहून 'गंमतगाडी' नावाचं मुलांचं पाक्षिक निघायचं. चौऱ्याहत्तर साली त्यांनी त्याला एक पान दिलं, आणि त्या पानासाठी त्यानं मला माळ्यावरून उतरवलं. त्याच्या कथेचा नायक मी होतो. नाव एकशिंग्या.

एकशिंग्यानं वर्धा नदीचा पूर पिऊन टाकला. पुलगावला रुळांवर रुसून बसलेलं इंजिन शेपटीला बांधून ओढलं. हे सगळं छापलेलं आहे, तेव्हा त्याला तरी कोणी खोटं म्हणू नये. विचार करायची वेळ आली की एकशिंग्या ते मोडकं शिंग भिंतीला घासायचा आणि घासता घासता त्याला युक्ती सुचायची. पोरांना तेच आवडायचं. मोडक्या जागीच त्याची अक्कल होती.

चंद्रभानची कामाची तऱ्हा वेगळी. सकाळी ट्रकवाले यायच्या आत तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा. समोर मी. चित्रात मी उजवीकडे पळत असेन तर मला उजवीकडे वळवायचा, पडत असेन तर पाडायचा, पुरात असेन तर घमेल्यात उभा करायचा. मी समोर असल्याशिवाय त्याच्या हातून रेघ निघत नसे. इतक्या वर्षांत मला इतक्या वेळा काढलं, पण मला जरा बाजूला केलं की कागदावर पुन्हा ती लहानपणची म्हैस उतरायची. माणसांच्या चेहऱ्यांसाठी त्यानं आरसा ठेवला होता. आरशात बघून तो रागवायचा, रडायचा, जीभ काढायचा. नव्यानं आलेला दूधवाला एकदा हे खिडकीतून पाहून कॅन टाकून पळाला.

छंदही त्याचे तसेच. नाल्यावर गळ टाकून बसायचा, पण पाहायचा शेजारी बसलेल्यांची तोंडं. मासा आमिष खाऊन ढेकर देऊन जायचा. भजनात झांजा वाजवायचा आणि मृदंगवाल्याचे फुगलेले गाल पाहता पाहता ताल चुकायचा.

आणि एकशिंग्याचा वैरी? अडवासूर नावाचा राक्षस. जिथे वाट असेल तिथे आडवा उभा राहणारा. त्याच्या मिशांवर चंद्रभान दोन दोन लिंबं काढायचा. अख्ख्या वडनेरला ठाऊक होतं त्या मिशा कोणाच्या. रूपराव आता म्हातारा झाला होता, मिशा पिकल्या होत्या, तरी तान्ह्या पोळ्याला तोरणापाशी तोच असायचा. चंद्रभान वाटेत भेटला की दोघं एकमेकांकडे न पाहता जायचे. चंद्रभाननं चित्रात त्याला आजवर एकदाही जिंकू दिलं नव्हतं.

चंद्रभानला एकच हवं होतं. पुस्तक. एकशिंग्याची सुरुवात ते शेवट, एका बांधणीत, आत रंगीत, वर कव्हर. पाक्षिकाचं पान पोरं वाचतात आणि त्यात चिवडा बांधतात. पुस्तक राहतं.

'गंमतगाडी' चौऱ्याऐंशी साली बंद पडायला आली. मालक अण्णाजी थकले होते. छापखाना विकून मुलाकडे पुण्याला जाणार होते. त्यांनी निरोप पाठवला, दिवाळीला शेवटचं एक पुस्तक काढतो, तुमचं काढतो. पानं घ्यायला तान्ह्या पोळ्याला स्वतः येतो. त्या दिवशी हाती आली नाहीत तर दुसऱ्याचं तयार आहे, ते लावीन.

चंद्रभान महिनाभर ट्रकांकडे फिरकला नाही. पानामागून पान झालं. राहिलं शेवटचं पान आणि कव्हर. शेवट सुचत नव्हता. एकशिंग्या अडवासुराला मारतो, असं काढलं, फाडलं. अडवासूर पळून जातो, काढलं, फाडलं. तो माझ्याकडे बघत बसायचा, मी त्याच्याकडे. मोठ्या पोळ्याच्या दिवशी तो हरल्यासारखा बाहेर पडला आणि दिवसभर नाल्यावर बसला.

तेवढ्यात मनकर्णाबाईनं मला पदराखाली घेतलं.

ती मला गावातल्या चिंधू सुताराकडे घेऊन गेली. "याले शिंग बसवून दे, भाऊ. पन माया भावाले सांगू नको. उद्याच्याले त्याले दाखवीन."

चिंधूनं नवं शिंग कोरलं, आतून पोकळ, आणि माझ्या मोडक्या शिंगावर टोपीसारखं बसवलं. सरस लावून दाबलं. "बाई, सरस हाये. वाळत नाई तवरक पानी लागू देजो नको."

बाईनं मान डोलावली. आता सांगतो ते नीट ऐका, सगळं इथेच घडलं. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बाईनं मला पाटावर ठेवलं, माझे पाय धुतले आणि डोक्यावर तांब्याभर पाणी घातलं. हळदकुंकू लावलं. चिंधूचं सांगणं ती विसरली नव्हती. पण पूजेचं पाणी तिच्या लेखी पाणी नव्हतंच. ते तीर्थ होतं.

मग तिनं मला टेबलावर ठेवलं आणि भावाला हाक मारली.

चंद्रभान आला, पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की आरशात कधी झाला नव्हता. बाई हसत उभी होती. ती आत पुरण वाटायला गेली, तेव्हा त्यानं शिंग धरून ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. माझी मान निघायची वेळ आली, शिंग निघेना. इतक्यात ओसरीवर आवाज आला. अण्णाजी आले होते. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे होते.

त्यांना चहा देऊन चंद्रभान टेबलाशी बसला. दोन शिंगांच्या माझ्याकडे पाहून एकशिंग्या काढायला लागला. म्हैस झाली. फाडली. दुसरा कागद, पुन्हा म्हैस. मोडक्या शिंगाचा तो दातेरी काठ, जिथून प्रत्येक चित्र सुरू व्हायचं, तोच दिसत नव्हता. ओसरीवरून अण्णाजी खाकरले. "चंद्रभानजी, होऊन राह्यलं ना?"

"होऊन राह्यलं जी," तो म्हणाला, आणि फळीवरून करवत काढली.

मी पूर प्यालेला नंदी, पण खोटं कशाला सांगू, करवतीचे दात कपाळाला टेकले तेव्हा माझी चारही चाकं गार पडली. कापताना आतलं मोडकं शिंगही जाईल की राहील, हे त्यालाही माहीत नव्हतं. गेलं तर एकशिंग्या कायमचा गेला.

मनकर्णाबाई दारात आली. "हे काय करून राह्यला?"

"शिंग कापतो."

"हळदकुंकू लावलेल्या नंदीचं? पोयाच्या दिवशी?"

"बाई, अण्णाजी बसून हायेत. मले माया एकशिंग्या पायजे. दोन शिंगाचे बैल गावात पडले हायेत."

बाई खाली बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी तू रडत आला, तवापासून मले वाटे, याचं शिंग बसवून द्यावं. आजपर्यंत जमलं नाई. म्या चांगलं कराले गेली."

"म्या शिंगासाठी नोतो रडलो."

"मंग कायले?"

"सगळ्यायचे नंदी पुढे गेले. माया मांगं राह्यला."

बाईनं त्याच्या हातातली करवत काढून घेतली. "मंग आज पुढे ने. एक डाव तोरनाखालून निघू दे. आल्यावर काप. म्या धरून ठेवीन."

"या वयात? पोरायच्या रांगेत? पोरं हासतीन."

"तू चित्रं त्यायले हासवासाठीच काढतं ना?"

ओसरीवरून अण्णाजी म्हणाले, "मीही येतो. बसून बसून पाठ आखडली."

तर असा वडनेरच्या रस्त्यावरून पिकल्या कानशिलांचा माणूस लाकडी नंदी ओढत निघाला. मागे पदर खोचलेली बहीण, तिच्या मागे बगलेत पिशवी धरलेले अण्णाजी. पोरं हसली. मग एक ओरडलं, एकशिंग्याले दुसरं शिंग आलं, आणि सगळी रांगेतून वाकून पाहू लागली. आकाश भरून आलेलं, हवेत ओल इतकी की झुलीतून पाणी पिळावं. रस्ता खाचखळग्यांचा. प्रत्येक खळग्यात माझ्या नव्या शिंगाच्या आत काहीतरी सुळकन सरकत होतं. मला कळलं होतं. सांगणार कोणाला?

आम्ही रांगेत शेवटी उभे राहिलो. कोणा बाईनं आरती ओवाळली आणि माझ्या पायांवर, डोक्यावर पुन्हा पाणी घातलं. तीर्थच ते. सरस तेवढ्यानं विरघळला.

रूपराव काठी टेकत एकेक नंदी पाहत आला. एकेकाचं शिंग धरून हलवत आला. आमच्यापाशी थांबला. चंद्रभान मान वर करीना. रूपरावानं माझं उजवं शिंग हलवलं. घट्ट. मग डावं धरलं.

ते त्याच्या मुठीत आलं.

मी त्याच्या अगदी नाकाखाली होतो, म्हणून सांगतो. त्याच्या मिशा थरथरल्या. दोरी धरलेला चंद्रभानचा हात मागे वळायला लागला, लहानपणी वळला होता तसाच. मनकर्णाबाईनं डोळे मिटले.

रूपरावानं मूठ उघडली नाही. ती तशीच माझ्या डोक्यावर ठेवली, शिंग जागेवर दाबून. आणि वाकून चंद्रभानच्या कानाशी म्हणाला, "सरस वल्ला हाये. हलू नको."

"काका..."

"गप राह्य. घरी माये नातू मले आबा नाई म्हनत, अडवासूर म्हनते. आज परत धाडलं तं तू अजून किती वर्षं काढशीन मले? आता माह्याच्यानं होत नाई बावा."

पोळ्याच्या झडत्या, म्हणजे यमकाची गाणी, सुरू झाल्या, एकानं म्हणायची, दुसऱ्यानं त्यावर चढ करायची. लवकर संपेनात. म्हाताऱ्याचा हात भरून आला असेल, पण त्यानं उचलला नाही. लोकांना वाटलं रूपराव नंदीला आशीर्वाद देऊन राहिला आहे. काहींनी हात जोडले. शेवटी तोरण तुटलं, पोरांनी गलका केला, नंदी सुटले. रूपराव एका हातानं काठी टेकत, दुसऱ्या हातानं माझं शिंग धरून, आमच्याबरोबर तोरणाच्या जागेवरून पलीकडे चालत आला.

आणि मी पाहिलं, चंद्रभान आता खाली पाहत नव्हता. तो रूपरावाकडे पाहत होता. आरशात पाहायचा तसा, डोळे बारीक करून. दोरीवरची त्याची बोटं हवेत रेघा ओढत होती.

घराच्या ओसरीवर पोचल्यावर रूपरावानं शिंग मनकर्णाबाईच्या हातात दिलं. "घे बाई. धुतलं नसतं तं पडलं असतं का?"

"म्या कुठं धुतलं? पूजा केली."

चंद्रभान तोवर कागद घेऊन बसला होता. "काका, तसेच उभे राहा. हात याच्या डोक्यावर. नाई, काठी त्या हातात."

"अन् मिशी? आता तरी लहान काढजो."

"मिशी तीच राहीन. नाईतं कोनी वळखनार नाई."

शेवटचं पान तिथेच झालं. अडवासूर एकशिंग्याचं निखळलेलं शिंग हातानं धरून त्याच्या संगं तोरणाखालून चालतो आहे, आणि गावाला काही कळत नाही. कव्हर झालं तेव्हा उन्हं कलली होती. शाई वाळायची होती. अण्णाजी कागदावर पंच्यानं वारा घालत होते. त्यांनी ते पान एकदा पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. पिशवीत ठेवलं आणि गाडीच्या दिशेनं निघाले. कोपऱ्यावर वळून म्हणाले, "दिवाळीला."

दिवाळीला पुस्तक आलं. छापखाना गेला, अण्णाजी पुण्याला गेले, पुस्तक राहिलं. रूपराव पुढे दोन-तीन वर्षं जगला. बगलेत एक प्रत असायचीच. कोणी मागितली की सांगायचा, "शेवटचं पान पयले पाह्य."

आता चंद्रभानचे सगळे केस पांढरे झालेत. नवीन पोरांना टीव्ही लागतो, तरी तो रोज सकाळी टेबलाशी बसतो. नवं पुस्तक चाललं आहे. त्यात मी चंद्रावर जातो. खरं तर मी जाऊन आलो आहे, पण ते पुन्हा कधीतरी. माझ्या एका चाकाला कीड लागली आहे. बेगड केव्हाच गेला. शेपटी उंदरांकडेच राहिली. आणि चिंधूनं केलेलं ते शिंग देव्हाऱ्यात आहे. मनकर्णाबाई रोज त्यावर फूल वाहते, पाणी घालते. ते कुठे मोडलेलं नाही, अख्खं आहे, म्हणून पूजेला चालतं. मी चालत नाही. म्हणजे पूजा माझ्या शिंगाची, आणि काम माझं. मला तक्रार नाही.

एकच विनंती आहे. तुमच्या गावच्या तोरणाखाली एखादं पोर मोडका नंदी घेऊन आलं, तर त्याला मागे पाठवू नका. तुम्ही घरी जाल, जेवाल, विसरून जाल. ते विसरणार नाही. मोठं होऊन तुमचं चित्र काढेल, तुमच्या मिशा आहेत त्याहून मोठ्या काढेल, आणि तुमचे नातू ते मोठ्यानं वाचतील. खोटं असेल तर माझं उरलेलं शिंग झडो. हलवून पाहा. घट्ट आहे.